पायी निघण्यापूर्वी

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या कापणीची गडबड सुरू होते. बांध्यांतले पाणी आटते. धुऱ्यांवरून सहज चालता येते. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असलेले पांदण रस्ते वाळून कडक होतात. सकाळी तलावांवर धुके उतरते आणि नशीब चांगले असेल तर एखाद्या शेतात सारसांची जोडी उभी दिसते. अशा दिवसांत दूरवर पायी चालत जावे, असे कोणालाही वाटेल.

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या वर्गाने या दिवसांत एक बेत ठरवला. वर्गातील गरजू मुलांच्या पुस्तकांसाठी पैसे जमवायचे आणि त्यासाठी एका दिवसात २० किलोमीटर पायी चालायचे. ओळखीच्या माणसांनी प्रत्येक किलोमीटरमागे जमेल तेवढी रक्कम द्यायची. रस्ता डांबरी सडकेचा नाही, तर पांदणीचा, तलावांच्या पाळीचा आणि धुऱ्यांचा. सोबतीला दोघातिघांची पाळलेली कुत्रीही येणार. बेत छान आहे. पण उत्साह आहे म्हणून उद्याच निघालो तर काय होईल? पहिले पाच किलोमीटर हसतखेळत जातील. दहाव्या किलोमीटरला कोणाच्या टाचेला फोड येईल, कोणाच्या पोटऱ्या दुखतील. एखादे कुत्रे जीभ बाहेर काढून सावलीत बसेल आणि उठणारच नाही. चालणे सगळ्यांना येते, परंतु दूरवर चालणे शिकावे लागते.

आपल्या देशात पायी चालण्याची परंपरा जुनी आहे. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. त्यांत सत्तरीची म्हातारी माणसेही असतात. हे अंतर ते जवळजवळ तीन आठवड्यांत पार करतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी विसावा असतो, ठरलेल्या गावी मुक्काम असतो. आपल्या जिल्ह्यातही माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे दूरदूरचे गोंड बांधव येतात आणि डोंगराची वाट पायी चढतात. अनेक दर्ग्यांच्या उर्सालाही भाविक पायी जातात.

दुसऱ्यांसाठी दान मागत पायी फिरण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच विदर्भातून निघाले. मार्च १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे वर्धा जिल्ह्यातील पवनार येथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथे भरणाऱ्या संमेलनासाठी पायी निघाले. संमेलन संपल्यावर ते तेलंगणातील गावांतून फिरू लागले. १८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्ली या गावी आले. तेथील चाळीस भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले की, या लोकांना कोणी जमीन देईल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. तेथून भूदान चळवळ सुरू झाली. विनोबा त्या वेळी ५५ वर्षांचे होते. प्रकृती नाजूक होती, पोटाचा विकार होता. पुढे बिहारमध्ये त्यांना मलेरियाने गाठले. तरीही ते १९६४ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, देशभर पायी फिरत राहिले आणि लाखो एकर जमिनीचे दान त्यांना मिळाले. याच विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला होता आणि त्यातील निवडक वचनांचे पुस्तकही सिद्ध केले होते.

नाजूक प्रकृतीचा माणूस तेरा वर्षे कसा चालू शकला? विनोबा एका दिवसात साधारण दहा-बारा मैल चालत. आज उत्साह आहे म्हणून तीस मैल आणि उद्या थकलो म्हणून काहीच नाही, असे त्यांचे नव्हते. ठरलेली वेळ, बेताचा आहार, बेताचे अंतर आणि रोजची चाल हीच त्यांची शक्ती होती. दूरच्या वाटेवर वेगापेक्षा नियम अधिक कामाला येतो.

तयारीचे महत्त्व कॅनडा देशातील टेरी फॉक्स या तरुणाच्या गोष्टीवरूनही कळते. कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवावेत म्हणून कृत्रिम पाय लावून सारा देश धावत पार करण्याचे त्याने ठरवले. परंतु तो लगेच निघाला नाही. आधी एक वर्षाहून अधिक काळ त्याने सराव केला. १२ एप्रिल १९८० रोजी तो निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग पुन्हा उलटल्यामुळे त्याला अर्ध्या वाटेवर थांबावे लागले. पुढच्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. वाट पुरी झाली नाही, पण लोकांनी मदतीचा हात आखडता घेतला नाही. तो प्रामाणिकपणे जेथवर गेला, तेथवरची त्याची प्रत्येक पावले लोकांनी खरी मानली.

आता तुमच्या तयारीकडे वळू. वीस किलोमीटरसाठी दहा आठवड्यांचा सराव पुरेसा होतो. आठवड्यातून तीन दिवस अर्धा ते पाऊण तास चाला. रविवारी थोडे लांब चाला. पहिल्या रविवारी ४ किलोमीटर, दुसऱ्या रविवारी ५ आणि तिसऱ्या रविवारी ६. चौथ्या रविवारी मुद्दाम कमी, म्हणजे ५ किलोमीटरच चाला. पाचव्या रविवारी ८, सहाव्या रविवारी १० आणि सातव्या रविवारी १२ किलोमीटर चाला. आठव्या रविवारी पुन्हा १० वर या. नवव्या रविवारी १५ किलोमीटर आणि दहाव्या रविवारी फक्त ८ किलोमीटर चाला. त्यानंतरच्या रविवारी तुमची खरी परीक्षा, २० किलोमीटर.

मध्येच अंतर कमी का करायचे? चालण्याने स्नायूंवर ताण पडतो. विश्रांतीच्या काळात शरीर ती झीज भरून काढते आणि स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होतात. विश्रांती मिळाली नाही तर झीज साचत जाते. म्हणून विश्रांती हा आळस नसून सरावाचाच भाग आहे. सराव रमजानच्या महिन्यात आला तर रोजा ठेवणाऱ्यांनी उन्हात लांब चालू नये. संध्याकाळी इफ्तारनंतर थोडा वेळ सावकाश फिरावे आणि लांबचा सराव ईदनंतर सुरू करावा.

चालीचा वेग कसा ओळखावा? शेजारच्या मित्राशी बोलताना धाप लागत नसेल तर वेग योग्य आहे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सपाट वाटेवर तासाला चार ते पाच किलोमीटर अंतर सहज कापता येते. धुऱ्यावरून किंवा खडकाळ वाटेवरून ते कमी होते. त्याची खंत करू नये.

पायांची काळजी सर्वांत आधी घ्यावी. यात्रेच्या दिवशी नवे बूट कधीही घालू नका. ज्या बुटांनी सराव केला, तेच घाला. मोजे कोरडे आणि सुरकुती न पडणारे असावेत. टाचेला चुरचुरू लागले की ताबडतोब थांबा आणि तेथे चिकटपट्टी लावा. आणखी एक किलोमीटर सोसू म्हणाल तर फोड येईल आणि पुढचे दहा किलोमीटर सोसावे लागतील. स्नायू दुखले तर विश्रांतीने बरे वाटते. पण गुडघ्यात किंवा घोट्यात कळ येत असेल तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहा. घाम फार गेला तर साखर-मिठाचे पाणी उपयोगी पडते. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. मीठ जास्त झाले तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून मोजूनच घ्या.

आता आपल्या चौपायी सोबत्यांचा विचार करू. कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. महाभारतात युधिष्ठिराच्या शेवटच्या प्रवासात एक कुत्रा त्याच्याबरोबर चालत राहिला आणि त्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. असहाबे कहफची गोष्ट तुम्हांला माहीत आहेच. गुहेत आश्रय घेतलेल्या त्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही होता. विहिरीत उतरून आपल्या मोजात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची हदीसही तुम्ही ऐकली असेल. सोबत्याला तहानलेले ठेवू नये, ही शिकवण सर्वत्र एकच आहे.

काही घरांत कुत्र्याची लाळ अंगाला किंवा कपड्यांना लागू देत नाहीत. अशा मुलांनी थोडे अंतर ठेवून चालावे. कुत्र्याची दोरी धरण्याचे काम ज्याचे कुत्रे त्यानेच करावे. मुक्कामाच्या जागी हातपाय धुण्यासाठी भरपूर पाणी ठेवावे. दया करण्यासाठी स्पर्श करावाच लागतो, असे नाही.

कुत्रे आपल्यापेक्षा चपळ असते, मग त्याला सरावाची काय गरज, असे तुम्ही विचाराल. पण माणसाच्या साऱ्या अंगाला घाम येतो आणि त्यामुळे शरीर थंड राहते. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याला घाम येतो तो फक्त पंज्यांच्या तळव्यांना. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ते जीभ बाहेर काढून धापा टाकते. म्हणून ऊन त्याला आपल्यापेक्षा लवकर बाधते. त्याच्या तळव्यांची कातडीही हळूहळूच कडक होते. कापणीनंतर शेतात उरलेल्या धानाच्या धसकटांनी ती चिरते. म्हणून कुत्र्याचे अंतरही दर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावे. एक वर्षाच्या आतील पिल्लांची हाडे कोवळी असतात. त्यांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना लांबच्या वाटेवर नेऊ नये.

डांबरी रस्ता ओलांडावा लागला तर आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा. पाच-सहा सेकंद हात ठेवता आला नाही, तर ती वाट कुत्र्याच्या पायांनाही पोळणारी आहे. निघण्यापूर्वी दोन तासांत त्याला पोटभर खाऊ घालू नका. दर अर्ध्या तासाने थोडे पाणी द्या. कांदा, बेदाणे आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात, म्हणून आपल्या डब्यातले काहीही त्याच्यापुढे टाकू नका. संध्याकाळी त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत काय ते पाहा. ते फार जोराने धापा टाकू लागले, लाळ घट्ट झाली किंवा पाय लटपटू लागले, तर ताबडतोब सावलीत न्या. पोटावर आणि पायांवर गार पाणी घाला आणि जनावरांच्या दवाखान्यात दाखवा.

रेबीजची लस टोचलेलेच कुत्रे यात्रेत घ्यावे. वाटेत कोणाला कुत्रा चावला किंवा नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. हळद किंवा तिखट भरून घरी बसू नका. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर जवळजवळ इलाज उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी हवी. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नागझिरा अभयारण्य हे आता एकाच व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. हा प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. तेथे कुत्रे नेऊ नये. कुत्र्यांचे काही रोग जंगलातील प्राण्यांना लागतात आणि नागझिऱ्यात तर रानकुत्र्यांचे कळप आहेत. ते त्यांचेच जातभाई असल्याने त्यांना धोका अधिक. उलट बिबट्या गावच्या कुत्र्याला सहज उचलून नेतो. म्हणून वाट जंगलापासून दूर, शेतांतून आणि तलावांच्या काठाने आखावी. विनोबा पहाटेच्या अंधारात निघत, परंतु जंगलाकाठच्या गावांतील मुलांनी चांगले उजाडल्यावरच निघावे आणि सूर्य मावळण्याच्या आत परतावे. मोठ्या सडकेने चालावे लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालावे.

गावोगावची मोकळी कुत्रीही मागे येऊ लागतात. ते पाहून मुलांना गंमत वाटते. पण तेच कुत्रे दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरले की तेथील कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. ते कसेबसे वाचले तरी त्याला परतीची वाट सापडेलच असे नाही. म्हणून मोकळ्या कुत्र्याला खाऊ देऊन मागे लावून घेऊ नका. आपल्या गावाच्या शिवेवरूनच त्याला परत फिरवा. त्याचे भले त्यातच आहे.

कधी कधी मात्र वाटेत भेटलेला सोबती कायमचा सोबती होतो. काही बौद्ध भिक्षू भारतात शांतियात्रा करत असताना एक देशी कुत्रा त्यांच्या मागे चालू लागला. त्यांनी त्याचे नाव आलोका ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच भिक्षू अमेरिकेतील टेक्सासमधून वॉशिंग्टनकडे पायी निघाले, तेव्हा आलोकाही त्यांच्याबरोबर होता. वाटेत त्याच्या पायाला त्रास झाला. तेव्हा भिक्षूंनी त्याला तसेच चालवत नेले नाही. त्याच्यावर उपचार केले आणि त्याला विश्रांती दिली. मुक्या जनावराला थकलो असे सांगता येत नाही. ते ओळखणे हे त्याला सोबत नेणाऱ्याचे काम आहे.

यात्रेच्या दिवशी हीच गोष्ट माणसांच्या बाबतीतही लक्षात ठेवा. सर्वांत जलद चालणारा मुलगा पुढे राहिला की रांग लांबत जाते आणि मागची मुले खचतात. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चाला. सर्वांच्या मागे एक थोराड, जबाबदार मुलगा किंवा शिक्षक असावा. त्याच्याजवळ पाणी आणि औषधांची पेटी असावी. त्याच्याही मागे कोणी राहता कामा नये. दर तासाला दहा मिनिटे विसावा घ्यावा आणि प्रत्येक विसाव्याला माणसे आणि कुत्री मोजावीत.

शेवटी हिशेबाचे बोलू. एका वहीत दान देणाऱ्याचे नाव, ठरलेली रक्कम आणि तुम्ही चाललेले अंतर लिहा. पैसे शिक्षकांकडे जमा करा आणि प्रत्येकाला पावती द्या. किती जमले आणि कशावर खर्च झाले, हे सर्वांसमोर वाचून दाखवा. एखादा मुलगा चौदा किलोमीटरला थांबला तर वहीत चौदाच लिहा. कुत्रे थकले म्हणून कोणी बाराव्या किलोमीटरवरून त्याला घेऊन परतला, तर बारा लिहा. त्यात कमीपणा काही नाही. वीस लिहिले आणि चौदाच चाललो, तर मात्र ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांची आपण फसवणूक केली, असे होईल.

आपण हे चालणे दुसऱ्यांसाठी ठरवले आहे. ज्यांच्यासाठी पैसे जमवायचे ती मुले परिस्थितीमुळे मागे पडलेली आहेत. त्यांना हात देण्यासाठी निघालेल्या आपण आपल्याच रांगेतील थकलेल्या मित्राला किंवा मुक्या सोबत्याला मागे टाकून पुढे गेलो, तर जमलेल्या पैशांचा अर्थ काय राहील? म्हणून सराव करा, बेताने चाला आणि सगळे मिळून पोहोचा.

स्वाध्याय

१. विनोबा भावे नाजूक प्रकृती असूनही तेरा वर्षे का चालू शकले?
२. उन्हाचा त्रास माणसापेक्षा कुत्र्याला लवकर का होतो?
३. मोकळ्या कुत्र्याला गावाच्या शिवेवरून परत का फिरवावे?
४. ‘चौदा किलोमीटर चालला तर वहीत चौदाच लिहा.’ या वाक्यातून लेखकाला काय सांगायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : विसावा, सोबती, बेताने, हिशेब.